खाडे कोणी भरायचे? ऑलिव्हिया डी हॅविलँड विरुद्ध वॉर्नर ब्रदर्स

गावाकडे सालगड्याचं साल पाडव्याला सुरू होतं आणि पुढच्या पाडव्याला संपतं. मधल्या काळात आजारपण, लग्नकार्य, जत्रा यांत बुडालेले दिवस म्हणजे खाडे. मालक मोकळ्या मनाचा असला तर चार-दोन खाडे पोटात घालतो. नसला तर पाडवा उलटून गेला तरी गडी खाडे भरतच बसतो. हा हिशोब ज्यानं जवळून पाहिलाय, त्याला वॉर्नर ब्रदर्स या हॉलिवूड स्टुडिओचा १९३६ सालचा करार समजायला वकील लागणार नाही.

फरक एवढाच, की इथला गडी म्हणजे रॉबिन हूडची मॅरियन होती.

ऑलिव्हिया डी हॅविलँडचा जन्म १ जुलै १९१६ रोजी टोकियोत झाला आणि ती वाढली कॅलिफोर्नियातल्या सॅराटोगा या छोट्या गावात. १९३४ मध्ये नाट्यदिग्दर्शक माक्स राइनहार्ट यांनी हॉलिवूड बोलच्या खुल्या रंगमंचावर शेक्सपिअरचं 'अ मिडसमर नाइट्स ड्रीम' बसवलं, तेव्हा ती हर्मियाच्या भूमिकेसाठी राखीव नटी होती, तीही दुसऱ्या नंबरची. वरच्या दोघी ऐनवेळी बाजूला झाल्या आणि अठरा वर्षांची ही मुलगी हजारोंच्या समोर उभी राहिली. वॉर्नर ब्रदर्सनं त्याच नाटकावर सिनेमा काढला आणि तिला त्यात घेतलं. १९३५ च्या अखेरीस 'कॅप्टन ब्लड' आला. त्यात एरॉल फ्लिन नायक आणि ही नायिका. जोडी अशी काही जमली की पुढे दोघांनी एकूण आठ सिनेमे केले.

जोडी जमली हे स्टुडिओला फार लवकर कळलं. पुढच्या सगळ्या भानगडीचं मूळ तिथेच आहे.

कागदावर काय होतं

ज्या करारावरून खटला झाला त्यावर १४ एप्रिल १९३६ रोजी सही झाली आणि तो ५ मे १९३६ पासून लागू झाला. सुरुवातीचा पगार आठवड्याला ५०० डॉलर. मुदत ५२ आठवडे, आणि पुढे प्रत्येकी ५२ आठवड्यांच्या सहा मुदतवाढी. मुदतवाढ घ्यायची की नाही, हे मात्र एकट्या स्टुडिओनं ठरवायचं. म्हणजे ज्याला सगळे सात वर्षांचा करार म्हणत, तो नटीच्या बाजूनं सात वर्षांचा आणि स्टुडिओच्या बाजूनं एकेका वर्षाचा होता. सिनेमे आपटले तर वर्षअखेर नारळ, चालले तर पुढचं वर्ष.

थोडा हिशोब करू. ५२ आठवडे म्हणजे ३६४ दिवस. सात वेळा ३६४ म्हणजे २,५४८ दिवस. ५ मे १९३६ ते ५ मे १९४३ ही सात कॅलेंडर वर्षं, मधलं १९४० चं लीप वर्ष धरून, भरतात २,५५६ दिवस. म्हणजे नुसते आकडे पाहिले तर करार सात वर्षांच्या आत बरोबर बसवलेला होता, वर आठ दिवस शिल्लक. कुणीतरी कायदा उघडून, बोटं मोजून हा मसुदा केला होता हे उघड आहे. मग गोम कुठे होती?

गोम निलंबनाच्या कलमात होती. स्टुडिओनं दिलेली भूमिका नटीनं नाकारली की तिचा पगार बंद. किती दिवस? नाकारलेली भूमिका दुसरी कोणीतरी नटी करून मोकळी होईपर्यंत. एवढ्यावर भागलं असतं तर ती साधी बिनपगारी रजा झाली असती. पण जितके आठवडे निलंबन, तितके आठवडे कराराच्या शेपटीला जोडायचा हक्क स्टुडिओनं राखून ठेवला होता. समजा नाकारलेल्या सिनेमाचं शूटिंग आठ आठवडे चाललं. आठ आठवडे घरी बसायचं, पैसा नाही, दुसऱ्या स्टुडिओचं काम घेता येत नाही, आणि सुटकेची तारीखही आठ आठवड्यांनी पुढे. पुढच्या वेळी पुन्हा नकार, पुन्हा आठ आठवडे.

यातून एक विचित्र गोष्ट निघत होती. समोर येईल ते निमूटपणे करणारी नटी सात वर्षांत सुटायची. जिला चांगलं-वाईट कळतं, जी पटकथा वाचून 'हे माझं काम नव्हे' म्हणू शकते, तिचा करार मात्र लांबत जायचा.

वॉर्नर ब्रदर्स एकटेच असे होते असं नाही. एमजीएम, पॅरामाउंट, फॉक्स, आरकेओ सगळीकडे हीच वहिवाट होती. पण वॉर्नरच्या बर्बँकमधल्या आवारात नटनट्यांची आणि मालकांची जितकी उघड भांडणं झाली तितकी इतरत्र क्वचितच झाली असतील. स्टुडिओप्रमुख जॅक वॉर्नर खर्चाच्या बाबतीत कवडीचुंबक होते आणि सिनेमे भराभर निघाले पाहिजेत यावर त्यांचा कटाक्ष होता. त्यात प्रत्येकाची लेबलं ठरलेली. जेम्स कॅग्नी म्हणजे गुंड, फ्लिन म्हणजे तलवारबहाद्दर, आणि ऑलिव्हिया म्हणजे तलवारबहाद्दराकडे भरल्या डोळ्यांनी बघणारी.

शेजारच्या घरी जेवायला

१९३८ च्या 'द ॲडव्हेंचर्स ऑफ रॉबिन हूड'मध्ये ती दिसते सुरेख. टेक्निकलरमधला तिचा चेहरा आजही बघत राहावा असा आहे. पण पटकथेत मॅरियनला करायला काय आहे ते जरा मोजून पाहा. हे तिलाही कळत होतं. त्याच सुमारास निर्माते डेव्हिड सेल्झनिक 'गॉन विथ द विंड'ची जुळवाजुळव करत होते आणि मेलनीच्या भूमिकेसाठी त्यांना ऑलिव्हिया हवी होती. जॅक वॉर्नर सोडायला तयार नव्हते. तिनं मालकाशी वाद घातला नाही. ती मालकिणीकडे गेली. ॲन वॉर्नर यांना चहाला भेटली, आपलं म्हणणं मांडलं, आणि त्यांनी घरी नवऱ्याला राजी केलं. पुढे आत्मचरित्रात वॉर्नर यांनी हा प्रसंग सांगितला आहे. हरिणीसारख्या डोळ्यांमागे या बाईनं कॉम्प्युटरसारखा मेंदू लपवलाय, अशा अर्थाचं वाक्य त्यात आहे. कौतुक आणि चडफड दोन्ही त्यात आहे.

मेलनीसाठी तिला सहायक अभिनेत्रीचं ऑस्कर नामांकन मिळालं. बक्षीस त्याच सिनेमातल्या हॅटी मॅकडॅनियल यांना गेलं. नामांकन घेऊन ती बर्बँकला परतली, तर पुढ्यात पुन्हा तीच ताटं. १९४० च्या सुरुवातीला तिनं एकामागून एक भूमिका नाकारल्या आणि पहिलं निलंबन ओढवून घेतलं.

१९४१ मध्ये पुन्हा उसनवारी झाली. पॅरामाउंटला 'होल्ड बॅक द डॉन'साठी ऑलिव्हिया हवी होती आणि वॉर्नरना 'डाइव्ह बाँबर'साठी फ्रेड मॅकमरी. शेजारणीकडून किसणी आणावी आणि आपला खलबत्ता द्यावा, तशी माणसांची अदलाबदल झाली. हॉलिवूडमध्ये हे रोजचंच होतं. उसन्या दिलेल्या नटाचं भाडं त्याच्या पगारापेक्षा जास्त आलं, तर वरचा पैसा स्टुडिओच्या गल्ल्यात जायचा, नटाचा पगार तेवढाच राहायचा. मिचेल लायसन यांच्या दिग्दर्शनाखाली तिनं एक भाबडी शाळामास्तरीण केली आणि या वेळी मुख्य अभिनेत्रीचं नामांकन मिळालं. त्या वर्षीचं ऑस्कर घेऊन गेली तिची सख्खी धाकटी बहीण जोन फाँटेन. बहिणींमधल्या अबोल्यावर पुष्कळ शाई खर्ची पडली आहे, इथे तो विषय नको.

इथे एवढंच टिपून ठेवायचं, की १९४३ पर्यंतची तिची दोन्ही नामांकनं शेजारच्या घरची होती. स्वतःच्या घरी जेवून तिला एकही मिळालं नव्हतं. खटला पगारासाठी नव्हता हे समजायला हा एक तपशील पुरतो.

आधी जे हरले

अशा करारावर कोर्टात जाणारी ती पहिली नव्हती. १९३६ मध्ये वॉर्नरच्याच पगारावरच्या बेट डेव्हिस या नटीनं एक भूमिका नाकारली, निलंबित झाली आणि सरळ इंग्लंडला जाऊन लुडोव्हिको टोपलिट्झ या निर्मात्याकडे काम घेतलं. वॉर्नर ब्रदर्स तिच्यामागे लंडनच्या कोर्टात पोचले. त्यांचे वकील सर पॅट्रिक हेस्टिंग्ज यांनी सुरुवातच अशी केली, की ही जरा खोडकर मुलगी आहे आणि तिला जास्त पैसे हवे आहेत, बाकी काही नाही. कोर्टात हशा पिकवून अर्धा खटला जिंकायची ही जुनी पद्धत.

न्यायमूर्ती ब्रॅन्सन यांचा निकाल मात्र थट्टेचा नव्हता. तत्त्व असं, की कोर्ट कोणाला बळजबरीनं अभिनय करायला लावू शकत नाही, पण दुसरीकडे अभिनय न करण्याचं वचन तुम्ही दिलं असेल तर ते पाळायला लावू शकतं. मग तिनं खायचं काय? न्यायमूर्तींच्या मते ती हुशार बाई होती आणि दुसऱ्या एखाद्या क्षेत्रात, कमी पैशांत का होईना, पोट भरू शकत होती. डेव्हिस हरली आणि परत आली. स्टुडिओनं शहाणपणा दाखवून तिला बरे सिनेमे दिले आणि १९३८ च्या 'जेझबेल'साठी तिला ऑस्करही मिळालं. पण करार होता तसाच राहिला.

कॅग्नी त्याच वर्षी कॅलिफोर्नियात जिंकला. मात्र त्याचा मुद्दा वेगळा होता. जाहिरातीत नाव कितव्या क्रमांकावर आणि वर्षाला किती सिनेमे, यांबाबत स्टुडिओनंच करार मोडला, असं त्याचं म्हणणं होतं. करार मोडला म्हणून तो सुटला. करारच बेकायदा आहे असं कोणी म्हटलं नव्हतं.

आपल्याकडेही साधारण त्याच काळात हा ताण उघड्यावर आला होता. १९३९ मध्ये शांता आपटे करार आणि पगाराच्या वादातून पुण्यात प्रभातच्या दारात उपोषणाला बसल्या. प्रभातही पगारी कलावंतांचा स्टुडिओ होता. शांताबाईंच्या हाताशी उपोषण होतं. ऑलिव्हियाच्या हाताशी एक जुनं कलम निघालं.

सात म्हणजे किती?

मे १९४३ मध्ये तिच्या हिशोबानं सात वर्षं भरली. स्टुडिओच्या हिशोबानं अजून जवळपास सहा महिने बाकी होते, म्हणजे तिचे खाडे. ती सव्वीस वर्षांची होती. तिनं मार्टिन गँग या वकिलाला गाठलं आणि त्यांनी तिला कॅलिफोर्नियाच्या कामगार कायद्यातलं कलम २८५५ दाखवलं.

या कलमाचा इतिहास मजेशीर आहे. १८७२ च्या नागरी संहितेत नोकराला व्यक्तिगत सेवेच्या कराराला बांधून ठेवण्याची कमाल मर्यादा होती दोन वर्षं. १९१९ मध्ये ती पाच झाली, १९३१ मध्ये सात. १९३७ मध्ये ही तरतूद कामगार कायद्यात आली. मर्यादा दर खेपेला वाढतच गेली. सात हा आकडा नटांच्या नव्हे, मालकांच्या सोयीनं तिथवर पोचला होता. स्टुडिओंनी आपले करार याच सातच्या मापानं शिवले आणि उरलेलं कापड निलंबनाच्या कलमात दडवलं. म्हणजे जो आकडा मालकांना हवाहवासा होता, तोच आता त्यांच्यासमोर धरला जाणार होता.

२३ ऑगस्ट १९४३ रोजी दावा दाखल झाला. मागणी एका ओळीची होती. करार संपला आहे असं कोर्टानं जाहीर करावं. नुकसानभरपाई नाही, छळाची कहाणी नाही. मला यात गँग यांची हुशारी दिसते. भूमिका चांगल्या की वाईट, नकार योग्य की आगाऊ, या चर्चेत एकदा पाय टाकला की हेस्टिंग्जसारख्या वकिलाला मैदान मोकळं मिळतं. 'नखरेल नटी' हे शब्द समोरच्याच्या जिभेवर तयारच असतात. दावा कॅलेंडरचा ठेवला की नखऱ्यांना जागा उरत नाही.

स्टुडिओचे मुद्दे मुख्यतः दोन होते. पहिला असा, की कायद्यात सात वर्षं म्हटलंय ती सेवेची. तिनं प्रत्यक्ष काम केलेले आठवडे मोजले तर सात वर्षं भरलेलीच नाहीत. दुसरा मुद्दा, की समजा कायदा कॅलेंडरचीच वर्षं म्हणत असला, तरी मुदत वाढवायच्या कलमावर तिची स्वतःची सही आहे. हक्क तिनंच सोडून दिलाय.

पहिला मुद्दा ऐकायला वाजवी वाटतो. कामच केलं नाही तर वर्ष मोजायचं कसं? पण तो थोडा पुढे ताणून पाहा. सात वर्षांची 'सेवा' दहा वर्षांत पसरता येईल, पंधरा वर्षांत पसरता येईल. निलंबन कधी करायचं हे एकच पक्ष ठरवणार असेल, तर सातचा आकडा कायद्यात असून नसल्यासारखा. मर्यादेचा अर्थच हा, की तिचं दुसरं टोक आधीपासून दिसलं पाहिजे.

लॉस एंजेलिसच्या सुपिरिअर कोर्टात न्यायाधीश चार्ल्स बर्नेल यांनी तिच्या बाजूनं निकाल दिला. वॉर्नर ब्रदर्स अपिलात गेले. ८ डिसेंबर १९४४ रोजी अपील कोर्टानं तो निकाल कायम केला. न्यायमूर्ती शिन यांनी लिहिलेलं हे निकालपत्र कायद्याच्या ग्रंथांत आजही उद्धृत होतं. गंमत म्हणजे खटल्याच्या शीर्षकात तिच्या आडनावातला एक 'एल' गळलेला आहे. जगभर गाजलेल्या नावाचा कायद्याच्या पुस्तकातला अवतार थोडा खुरटा निघाला.

शिन यांच्या निकालपत्रातला मला महत्त्वाचा वाटणारा भाग सिनेमाबद्दलचा नाहीच. ते म्हणतात, काम करणारे बहुसंख्य स्त्री-पुरुष कुठल्या ना कुठल्या नोकरीच्या करारानं बांधलेले असतात आणि त्यांच्या श्रमांवाचून देशाचं रहाटगाडगं थांबेल. अनुभव वाढला, हात बसला की माणसाला वर सरकायची, आपलं कसब मिळेल तितक्या चांगल्या दामाला विकायची वाजवी संधी मिळाली पाहिजे. कायद्यातली मर्यादा यासाठी आहे. ती एकट्या नटीच्या फायद्याची नाही, लोकहिताची आहे. आणि लोकहितासाठी केलेला कायदा दोन माणसांनी आपसात सह्या करून गुंडाळता येत नाही. दुसरा मुद्दा तिथेच निकालात निघाला. सही आहे, असू दे. ती सही करायची मुभाच तुम्हाला नव्हती.

आठवड्याला शेकडो डॉलर कमावणाऱ्या नटीच्या खटल्यात न्यायाधीश काम करणाऱ्या साऱ्या स्त्री-पुरुषांची आठवण काढतात, हे सुरुवातीला अवघड गेलं तरी थोडा विचार केल्यावर पटतं. कलमात 'नट' हा शब्द नव्हताच. तिथे फक्त 'सेवा करणारा' होता.

फेब्रुवारी १९४५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं प्रकरण ऐकायला नकार दिला आणि वाद संपला.

मधली दोन वर्षं

निकालाच्या तारखा एका ओळीत लिहिल्या की खटला चटकन उरकल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात ऑगस्ट १९४३ ते फेब्रुवारी १९४५ हा दीड वर्षाचा काळ, आणि त्याच्या मागचे-पुढचे महिने धरले तर जवळजवळ दोन वर्षं, ती कॅमेऱ्यासमोर उभी राहू शकली नाही. वॉर्नर ब्रदर्सनं इतर कंपन्यांना कळवून ठेवलं होतं, की ही अजून आमच्या कराराखाली आहे. प्रकरण न्यायप्रविष्ट असताना दुसऱ्याच्या गड्याला कामावर घेण्याची हिंमत कोण करणार? वकिलांवर सुमारे १३,००० डॉलर खर्च झाले, ते वेगळेच. पंचविशी-तिशीतल्या नटीनं दोन वर्षं पडद्यावरून गायब होणं म्हणजे त्या धंद्यात काय, हे वेगळं सांगायला नको.

त्या काळात ती सैनिकांच्या इस्पितळांच्या फेऱ्यांवर गेली. अलास्काजवळची अल्युशन बेटं झाली, मग दक्षिण प्रशांत महासागर. फिजीमधल्या सुवा इथे तिला न्यूमोनिया झाला आणि जखमींना भेटायला आलेली पाहुणी स्वतःच तिथल्या लष्करी इस्पितळात दाखल झाली. अपिलाचा निकाल लागायचा बाकी होता, हातात एकही सिनेमा नव्हता.

ही जोखीम लक्षात घेतल्याशिवाय या प्रकरणाचं मोल कळत नाही. स्टुडिओला जिंकायची गरजच नव्हती. नुसतं लांबवत राहिलं तरी पुरत होतं. प्रत्येक अपिलागणिक तिचं वय वाढत होतं, स्टुडिओचं नव्हे. अशा वेळी बरेचजण तडजोड करतात, आणि त्यांना कोणी नावं ठेवू नयेत.

निकालानं काय झालं आणि काय नाही

'ऑलिव्हिया डी हॅविलँडनं स्टुडिओ पद्धत मोडली' हे वाक्य ठिकठिकाणी वाचायला मिळतं. मला ते पटत नाही. वाईट हेतूनं कोणी लिहीत नाही, पण त्यानं चित्र बिघडतं. १९४५ नंतरही सात वर्षांचे करार होत राहिले, निलंबनं होत राहिली. स्टुडिओंचा कणा मोडला तो ३ मे १९४८ रोजी, जेव्हा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं पॅरामाउंट खटल्यात निर्मिती, वितरण आणि थिएटर एकाच मुठीत ठेवण्यावर घाव घातला. थिएटरं हातची गेली, पाठोपाठ घरोघरी टेलिव्हिजन आला. वर्षभर पन्नास सिनेमे खपायची खात्री उरली नाही, तेव्हा शेकडो नटांना पगारावर पोसणं परवडेना. नटांना मोकळं करायला एका कलमापेक्षा रिकामी थिएटरं जास्त कारणीभूत ठरली.

मग या निकालानं केलं काय? त्यानं सुटकेची तारीख पक्की केली. करार कितीही कडक असो, तो अमुक दिवशी संपणार आणि तो दिवस मालकाला पुढे ढकलता येणार नाही, एवढंच. पण वाटाघाटीच्या टेबलावर याचा अर्थ मोठा होता. ज्याला तारीख माहीत आहे तो थांबू शकतो, आणि समोरच्यालाही ते माहीत असतं. युद्धावर गेलेल्या नटांना तर याचा सरळ उपयोग झाला. लष्करात घालवलेली वर्षं खाडे म्हणून त्यांच्या माथी मारायची वाट बंद झाली. जेम्स स्टुअर्ट १९४१ मध्ये सैन्यात गेले होते. परतल्यावर ते एमजीएमच्या पगारावर पुन्हा रुजू झाले नाहीत. १९५० च्या 'विंचेस्टर ७३'साठी युनिव्हर्सलशी त्यांनी नफ्यात वाटा घेण्याचा सौदा केला आणि पगारी नटांचा जमाना कुठे चाललाय ते सगळ्यांना दिसलं.

कलम अजून जिवंत आहे. १९८७ मध्ये त्यात ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या दबावानं एक पोटकलम घुसलं. सात वर्षांनी गायक सुटतो, पण कबूल केलेले अल्बम दिले नसतील तर कंपनी नुकसानभरपाई मागू शकते. २००८ मध्ये 'थर्टी सेकंड्स टू मार्स' या बँडनं याच कलमाच्या आधारानं करार संपल्याचं सांगितलं, तेव्हा इएमआय या ध्वनिमुद्रण कंपनीनं तीन कोटी डॉलरचा दावा ठोकला. पुढच्या वर्षी समेट झाला. बँडचा गायक जॅरेड लेटो नंतर पॅरिसमध्ये म्हाताऱ्या ऑलिव्हियाला भेटूनही आला. खाडे भरायची भाषा बदलते, आठवड्यांच्या जागी अल्बम येतात. हिशोब मांडणारा हात तोच असतो.

ऑलिव्हिया स्वतः २६ जुलै २०२० रोजी पॅरिसमध्ये वारली, वयाच्या १०४ व्या वर्षी. कायद्याचे विद्यार्थी तिला 'डी हॅविलँड लॉ' या कलमाच्या टोपणनावानं ओळखतात, सिनेमाचे विद्यार्थी मेलनी म्हणून. दोन्ही गटांना एकमेकांची फारशी खबर नसते.

कोर्टातून सुटल्यावर ती पॅरामाउंटकडे गेली, आणि दिग्दर्शक म्हणून पुन्हा मिचेल लायसन. 'टू ईच हिज ओन'मध्ये तिला एक कुमारी माता करायची होती, कोवळ्या मुलीपासून केस पिकत आलेल्या करड्या बाईपर्यंत. वॉर्नरच्या आवारात तिच्या वाट्याला असली भूमिका कधी आली नव्हती. मार्च १९४७ मध्ये तिला पहिलं ऑस्कर मिळालं ते याच भूमिकेसाठी. मग 'द स्नेक पिट'चं नामांकन, आणि १९४९ च्या 'द एअरेस'साठी दुसरं ऑस्कर.

पण मला त्याआधीचे काही महिने जास्त आठवतात. १९४६ मध्ये प्रेक्षकांना अचानक तिचे चार सिनेमे बघायला मिळाले. त्यांतले तीन सुटकेनंतरचे. चौथा 'डिव्होशन', ब्राँटे बहिणी या इंग्रजी लेखिकांवरचा, वॉर्नर ब्रदर्सचा. तो जुन्या कराराखाली चित्रित होऊन तीनेक वर्षं डब्यात पडून होता. एप्रिलमध्ये तो थिएटरात लागला, 'टू ईच हिज ओन'च्या जेमतेम दीड महिना आधी. शार्लट ब्राँटे तीच होती. श्रेयनामावलीत तिचं नाव मात्र तिसऱ्या नंबरवर होतं, आयडा लुपिनो आणि पॉल हेन्राइड यांच्या खाली.